नीराचे नऊ सेकंद

अल्लाची कसम, खाडीची कसम, आणि माझ्या सांदणाच्या पातेल्याची कसम! आता जे सांगतेय त्यातला शब्दन् शब्द खरा हाय. ओरडून सांगते, कारण आगरदांड्यात माझं नाव निघालं की लोक आधीच हसायला लागतात. "हुस्नबानू सांगते काय? मग निम्मं सोडून द्या." निम्मं! परवा तर एक जण पाऊण म्हणाला. तर आज काही सोडू नका. आज मी चिमूटभर मीठसुद्धा वरून घातलेलं न्हाय.

नीराबाई माझी शेजारीण. दोघींच्या घरांच्या मधे एक विहीर आणि पन्नास वर्षांची भांडणं. ती मासळी विकते. सकाळी कोळीवाड्यात बोट लागली की पाटी भरायची, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, आणि चालत जेटीवर. तिथून जंगलजेटी धरायची, म्हणजे ती मोटारी चढवतात ना, ती पसरट बोट, आणि पलीकडं दिघीला. दिघीत तिची गिऱ्हाइकं ठरलेली. कुणाला बोंबील, कुणाला मांदेली, कुणाच्या सुनेचं आणि सासूचं पटत न्हाय, सगळं तिला ठाऊक.

पण दोन वर्षं झाली, नीराचे गुडघे नीराच्या आधीच म्हातारे झाले. चालताना मधेमधे बसावं लागतं. बसली की उठता येत न्हाय. उठेस्तोवर जंगलजेटी सुटलेली.

तिचा मुलगा अंबाजी पनवेलला ट्रेलर चालवतो. त्यानं सांगून ठेवलेलं, "आये, आता पुरे झालं. तू माझ्याकडं यायचं." त्याची खोली चौथ्या माळ्यावर. लिफ्ट हाय, पण ती चालत न्हाय.

"चौथ्या माळ्याच्या खिडकीतून काय विकू गो बानू?" नीरा मला म्हणायची. "कबुतरं?"

हसायची, पण पाटी धुताना पाटीकडं अशी बघायची, जशी लग्न झालेल्या लेकीकडं बघतात.

तेवढ्यात अलिबागची ती संस्था आली. कष्टकरी बायांना बॅटरीची तीनचाकी गाडी देणार. पुढं हँडल, मधे बसायला सीट, मागं बर्फाची पेटी. जंगलजेटीवर थेट चढवता येईल अशी. पण या खेपेला गावाला एकच. मी नीराला म्हटलं, "ही गाडी तुझीच. गाडी आली की अंबाजीची कटकट संपली."

"बघू," ती म्हणाली. नीरा कशालाही बघूच म्हणते.

बुधवारी जेटीजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये नावं घ्यायला संस्थेची मुलगी आली. ऋतिका नाव. मांडीवर टॅब, डोक्याला गॉगल, स्वभावानं गोड. एक्केचाळीस बाया जमलेल्या. मीही जेटीवर सांदणं, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या वड्या विकते, तर माझंही नाव घातलं. खरं म्हणजे मला गाडीचं काय काम? माझा डबा हलका, पाय धडधाकट. पण रांगेत उभं राहिलं की नाव घालावंसं वाटतंच.

"मावशी, फॉर्म नाही भरायचा," ऋतिका सगळ्यांना सांगत होती. "यात नुसतं बोलायचं. आपल्या भाषेत. आत एआय आहे, तो सगळं ऐकतो आणि कोणाची गरज जास्त ते ठरवतो. वशिला नाही, ओळख नाही. एकदम फेअर."

नीराचा नंबर माझ्या आधी. ती स्टुलावर बसली, पाटी पायाशी ठेवली.

"बोला नीराबाई. कसं चाललंय?"

"बरं हाय."

"काही त्रास? अडचण?"

"त्रास कोनाला न्हाय बाय? बरं हाय."

झालं. नऊ सेकंद. मी मागून तिला चिमटा काढला, पण ती बोलायची न्हाय. मला कारण ठाऊक. तिची सासू सांगून गेलीय, पाटी जवळ असताना दुखतं म्हणायचं न्हाय, मासळी ऐकते. रडक्या बाईची मासळी खपत न्हाय. कोळीवाड्यातल्या जुन्या बाया सगळ्या असल्याच. पाय तुटला तरी बरं हाय. आणि पाटी तर तिच्या पायाशीच होती, भरलेली.

मग माझा नंबर.

आता माझी बाजूही ऐका. आमचे म्हातारे चाळीस वर्षं आगबोटीवर भंडारी होते, म्हणजे बोटीवरचे स्वैपाकी. त्यांना माझ्या सगळ्या गोष्टी पाठ. मी तोंड उघडलं की ते शेवट सांगून मोकळे. नात यशरा दुबईला. फोनवर म्हणते, "दादी, शॉर्टमध्ये सांग ना." आणि इथं हे यंत्र! मधे बोलत न्हाय, जांभई देत न्हाय, घड्याळ बघत न्हाय. ऋतिका म्हणाली, दहा मिनिटं बोलू शकता. दहा मिनिटं मला निकाहानंतर कुणी दिली नव्हती.

मी सुटले. सांगितलं, आमच्या ह्यांना मुशीनं, म्हणजे शार्क माशानं, गिळलं. पद्मदुर्गाच्या पलीकडं. बारा दिवस पोटात राहिले. भंडारीच ते, गप्प बसतील काय? त्यांनी आत चूल पेटवली आणि कालवणाला फोडणी दिली. मुशीला असा खोकला लागला की तिनं ह्यांना दिघीच्या धक्क्यावर थुंकलं, हातात पळी तशीच. मग सांगितलं, वादळात आमचं घर उडालं, खाडी ओलांडून पलीकडं जाऊन बसलं. मी ते जंगलजेटीवर चढवून परत आणलं, तर तिकीटवाल्यानं घराचं तिकीट ट्रकचं फाडलं. आणि सात नातवंडं, सातांत मिळून चपलेचा एकच जोड, आळीपाळीनं शाळेत जातात, त्यामुळे एकेकाला आठवड्याचा एकच वार पाठ.

शेडमधल्या बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. ऋतिकाला ऐकू जात नव्हतं, तिच्या कानात ती फोनची बोंडं होती आणि ती पुढच्या बाईचं नाव टाईप करत होती.

शनिवारी यादी लागली. शेडच्या पत्र्याला चिकटवलेली. मी चष्मा पुसून वाचली.

पहिला नंबर: हुस्नबानू. पुढं लिहिलेलं, "अर्जदाराचे पती समुद्रात बेपत्ता. वादळात घर वाहून गेले. सात नातवंडे अवलंबून, पादत्राणेही अपुरी. गरज: अतितातडीची."

शेवटचा, एक्केचाळिसावा नंबर: नीराबाई. "अर्जदार समाधानी. अडचण आढळली नाही."

मी उभ्या जागी गार. बघा, मी असं फेकलं होतं की कावळासुद्धा म्हणाला असता, बाई, जरा कमी कर. पण त्या यंत्रानं काय केलं? मुशी काढली. खोकला काढला. पळी, फोडणी, ट्रकचं तिकीट, सगळं निवडून बाजूला टाकलं, आणि खाली जो गाळ राहिला तो खरा वाटायला लागला. माझ्या गोष्टीतली गंमत गेली आणि नुसतं खोटं उरलं!

तिथल्या तिथं, त्या पत्र्यासमोर उभ्या उभ्या, मी ऋतिकाला फोन लावला.

"बाळ, ती गोष्ट होती. थाप. माझं नाव काढ."

"खाला, किती साध्या आहात तुम्ही!" ती पोर गहिवरली. "दुःख सांगितल्यावर संकोच वाटतो, होतं असं. तुम्ही लाजू नका. बुधवारी आमच्या संस्थेच्या विनिता मॅडम स्वतः गाडी घेऊन येतायत."

"अगं, मुशीनं गिळलं म्हणाले मी!"

"हो ना, वाचलं मी. बेपत्ता. वाईट वाटलं."

घ्या! जन्मभर थापा मारल्या तेव्हा कुणी खऱ्या मानल्या न्हाईत. आणि आता मी थाप म्हणतेय तर ती खरी. मी म्हाताऱ्यांकडं गेले.

"मला मारलंस व्हय?" ते म्हणाले.

"मारलं न्हाय. बेपत्ता केलं."

"मग जेवायला वाढू नकोस, खर्च वाचेल," असं म्हणून ते पेपर वाचायला लागले.

नीराकडं गेले तर ती पत्र्याच्या ट्रंकेत लुगडी भरत होती. अंबाजी गुरुवारी येणार होता.

"बरं झालं गो, गाडी तुला तरी मिळाली," ती म्हणाली. आणि मनापासून म्हणाली, हेच मला झोंबलं. "माझी चुंबळ तू घे. जुनी हाय पन मऊ हाय."

मी चुंबळ घेतली न्हाय. घरी येऊन तांदूळ भिजत घातले. ज्या दिवशी मला डोकं चालवायचं असतं त्या दिवशी मी सांदणं करते.

बुधवारी टेम्पोतून गाडी उतरली. निळीभोर, हँडलला झेंडूचा हार. विनिता मॅडम पाठोपाठ. साठीच्या, आखूड केस, पायात कॅनव्हासचे बूट, चालणाऱ्या बाईचे असतात तसे झिजलेले. ते बूट बघून मला जरा धीर आला.

"गाडी नंतर," मी म्हटलं. "आधी माझ्या घरी सांदण."

"खाला, फोटो आधी..." ऋतिका सुरू झाली.

"फोटोनं पोट भरत न्हाय. चला."

घरापाशी येऊन मॅडम थबकल्या. दारावर आमच्या सासऱ्यांनी कोरलेलं साल, एकोणीसशे बावन्न. वाहून गेलेलं घर जागच्या जागी. तेवढ्यात दार उघडलं, आणि आमचे म्हातारे, डोक्यावर टोपी, हातात चहाची किटली, वाकून म्हणाले,

"या, या. सलाम. मी बेपत्ता झालेला माणूस. साखर किती घालू?"

ऋतिकाच्या हातातला फोन पडला. मॅडम आधी हसल्या. खूप हसल्या. मग ऋतिकाकडं वळल्या.

"ऋतिका, ही रेकॉर्डिंग कोणी ऐकली होती?"

"मॅडम, एक्केचाळीस होती... एआयने अर्ध्या तासात सगळी..."

"ते कळलं. माणसानं कोणी ऐकली?"

ऋतिकानं पडलेला फोन उचलला. "आधी आपण घरोघरी जायचो," ती हळू म्हणाली. "या वेळी वाटलं, ते फिरणं वाचेल."

"मलाही तसंच वाटलं होतं," मॅडम म्हणाल्या. "मीच हो म्हणाले होते. लाव माझ्यासमोर."

ओसरीवर बसून आम्ही माझी दहा मिनिटं ऐकली. मुशीच्या खोकल्याला मॅडमच्या डोळ्यांतून पाणी आलं. म्हातारे म्हणाले, "बारा दिवस कमी वाटतात. चौदा सांगायचे."

"खाला, यंत्राला फसवलंत तुम्ही," मॅडम म्हणाल्या.

"मी कुठं फसवलं? मी खोकला घातला होता. तो त्यानं काढला."

"हं," मॅडम म्हणाल्या. एवढंच. पण ते हं लांब होतं.

"आता नीराचं लावा," मी म्हटलं.

ऋतिकानं लावलं. बरं हाय. त्रास कोनाला न्हाय बाय, बरं हाय. नऊ सेकंद. ऋतिका बंद करायला गेली, तर मॅडमनी तिचा हात धरला. रेकॉर्डिंग अजून चालूच होतं. त्या दिवशी ऋतिका बंद करायला विसरली होती.

आधी स्टूल सरकल्याचा आवाज. मग नीराचा श्वास. मग परत स्टूल. "हं..." म्हणून ती उठायला बघते आणि धप्प खाली बसते. परत. तिसऱ्यांदा. मग हळू आवाजात, "बानू, हात दे गो." मग माझाच आवाज, "दे, पाटी मी घेते." आणि नीरा, "नको. पाटी मीच घेनार. सवय मोडली की मी मोडले." मग पाटी डोक्यावर चढताना निघतो तो आवाज, तो काय असतो ते मला सांगता येत न्हाय. मोजलं, एक मिनिट चाळीस सेकंद.

यंत्राच्या कागदावर त्या जागी लिहिलेलं होतं, पार्श्वभूमीचा गोंगाट.

ऋतिकाचे डोळे भरले. "मी तिथेच होते, मॅडम. दोन हातांवर. मी टाईप करत होते."

मॅडमनी सांदणाचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला, बुटांच्या नाड्या बांधल्या. "चला, त्या कुठे असतील?"

नीरा वाटेतच होती, चिंचेच्या मुळाशी बसलेली, पाटी शेजारी. मॅडमनी पाटी उचलून बघितली. गुडघ्यापर्यंत आली, पुढं न्हाय.

"चुंबळ ठेवा आधी," नीरा म्हणाली, "न्हायतर मान जाईल बाय."

"नीराबाई, त्रास होतो का?"

"बरं हाय."

आम्ही तिघी हसलो. नीराला कळेना काय झालं. मॅडम खाली, तिच्या शेजारी मुळावर बसल्या आणि त्यांनी प्रश्न बदलला.

"कोळीवाड्यातून जेटीपर्यंत किती वेळा बसता?"

"सा वेळा," नीरा म्हणाली. यात रडगाणं नव्हतं, हा हिशेब होता, त्यामुळे तिला चालला. "पैले दोनदा बसायची."

"आणि बोट हातची सुटते का कधी?"

"आठवड्यात तीनदा तरी सुटते."

"सुटल्यावर मासळीचं काय होतं?"

"खारवते. जास्ती झाली तर वाटते. हिला देते, फुकट खाते ही."

"आता कळलं ना!" मी म्हटलं. "द्या गाडी तिला!"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "आज कोणालाच नाही. यादी रद्द."

"अवो, उद्या तिचा लेक तिला न्यायला येतोय!"

"खाला, तुमच्या तोंडच्या शब्दावर एकदा गाडी निघाली होती. दुसऱ्यांदा नको." माझ्या वर्मावरच बोट ठेवलं. "अजून एकोणचाळीस बायका आहेत. त्यांचंही बरं हाय ऐकायला हवं. चालत जाऊन. आठ दिवस द्या मला."

हार घातलेली गाडी शेडमध्ये कुलूप लावून ठेवली.

गुरुवारी अंबाजी आला. मोठा दांडगा माणूस, आईची ट्रंक एका हातात उचलली. मी आडवी गेले. म्हटलं, आठ दिवस थांब.

"खाला, तुझं खरं कसं मानू? लहानपणी तू मला सांगितलेलं की खाडीत बोट बुडवलं तर माझ्या मिशा उगवतील."

"उगवल्या की न्हाय?"

पण त्याला हसू येईना. गल्लीत ऋतिका होती, तिचं घरोघर फिरणं सुरू झालेलं, सोबत आमच्या आळीची सगुणा. ऋतिका आली. आधी नीराकडं गेली, वाकून विचारलं, "नीराबाई, तुमचा त्या दिवशीचा आवाज यांना ऐकवू का? नको म्हणालात तर नाही ऐकवत."

नीरानं जरा वेळ पदराचं टोक दुमडलं, उलगडलं. मग म्हणाली, "ऐकव."

अंबाजीनं दारात उभ्यानं ऐकलं. स्टूल. श्वास. हात दे गो. मला भीती वाटली, हा आता ट्रंक दोन हातांनी उचलेल. पण सवय मोडली की मी मोडले, हे आलं आणि त्यानं परत लावायला सांगितलं. दोनदा ऐकलं.

मग ट्रंक खाली ठेवली. "आठ दिवस," तो म्हणाला. "नवव्या दिवशी मी परत येतोय, आये."

"ये की. मांदेली घेऊन जा."

आठ दिवस ऋतिका चालली. पायाला फोड आले, गॉगल कुठल्याशा ओट्यावर विसरला. यंत्र होतंच बरोबर, पण आता त्याचं काम लिहून घ्यायचं. ठरवायचं न्हाय. प्रत्येकीला ती लिहिलेलं वाचून दाखवायची, "असंच म्हणालात ना?" आणि बाया म्हणायच्या, "असं न्हाय गो, हे खोड." नवव्या दिवशी शेडमध्ये सगळ्यांसमोर यादी वाचली, कारणासकट, आणि मॅडमनी विचारलं, कुणाला चूक वाटते का. एकच हात वर झाला. माझा.

नीराचं नाव पहिलं होतं. कुणी हरकत घेतली न्हाय. दुसरं सगुणाचं, पुढच्या गाडीला.

माझा हात कशाला, विचारा. माझं नाव शेवटी होतं, आणि पुढं ऋतिकानं स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं, "अर्जदार समाधानी. गरज: ऐकणारं माणूस." मी म्हटलं, गरज अतितातडीची, असं लिहा. तिनं लिहिलं. आता दर शुक्रवारी ती पोर चहाला येते. कानातली बोंडं काढून बसते. मुशी आता एकवीस दिवसांवर गेलीय.

नीरानं गाडी पहिल्यांदा जंगलजेटीवर चढवली तेव्हा मी मागं बर्फाच्या पेटीवर बसले होते, मांडीवर सांदणाचा डबा. अंबाजी धक्क्यावर उभा. नीरानं मोटारींच्या रांगेत, एका अलिबागच्या पांढऱ्या मोठ्या गाडीच्या पुढं घुसून, असा हॉर्न मारला की तिकीटवाला दचकला.

"काय गो, कसं वाटतंय?" मी विचारलं.

"बरं हाय," ती म्हणाली. आणि परत हॉर्न मारला.

तर असं हाय सगळं. शब्दन् शब्द खरा, पातेल्याची कसम.

बरं, एक गोष्ट. पातेल्याची कसम खाल्लीय म्हणून सांगते, उद्या सांदणं बसली तर काय घ्या. यादी वाचल्यावर मी तिथल्या तिथं फोन लावला म्हटलं ना? तेवढं मी घातलं. फोन लावला सोमवारी. शनिवार, रविवार मी घरात बसून शिवणाचा टेप घेऊन माप घेत होते, त्या बर्फाच्या पेटीत सांदणाचे डबे किती मावतील.

चौदा मावतात.